हवा जड, हवा हलकी

थंडी पडली, असं अप्पा कधी म्हणत नसत. ‘हवा जड झाली,’ म्हणत. उन्हाळा आला की ‘हवा हलकी झाली.’ कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘थर्मामीटर’ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. अप्पा माझे सासरे. गेल्या महिन्यात ते गेले.

पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनं तपासण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. घरी एक जुनी छोटी गाडी होती. मोठा कार्बोरेटर बसवून ती त्यांनी घाटातल्या शर्यतींसाठी तयार केली होती. कार्बोरेटरमध्ये पितळेचं एक बारीक जेट असतं, त्याच्या छिद्रातून पेट्रोल जातं. थंड हवा दाट, तिला पेट्रोल जास्त लागतं. तापलेली हवा विरळ, तिला कमी पुरतं. म्हणून दिवाळीनंतर मोठ्या छिद्राचं जेट आणि होळीनंतर लहान, हा त्यांचा कुळाचार होता. उन्हाळ्यात ठिणगीही किंचित उशिरा पडेल असं ते बघत. म्हणत, “उकाड्यात घाई केली की इंजिन ठोके देऊन सांगतं तरी. माणसं तेवढंही सांगत नाहीत.”

“काय थर्मामीटर, गाडीला स्वेटर घातला का?” खालच्या मजल्यावरचे जोशी विचारायचे.

“घातला. तुमच्या स्कूटरला मात्र आता धोतरच नेसवा, वय झालं तिचं.”

मिलिंद, माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये होता. रस्त्यावर तेव्हा नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या, हवा स्वतःच मोजून पेट्रोल सोडणाऱ्या. “अप्पा, हे सगळं आता चिप करते,” तो चिडवायचा. “करते ना. पण थंडी वाजते का तिला?” अप्पा विचारायचे.

फक्त फेब्रुवारी त्यांना हरवायचा. पुण्यात या महिन्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. पण होळीआधी जेटला हात लावायचा नाही, हा हट्ट. अशाच एका दुपारी सिंहगडाच्या चढावर गाडी काळा धूर सोडत गुदमरली. “अप्पा, होळी येईपर्यंत इथेच थांबू या का?” मिलिंदने विचारलं. अप्पा उतरले, बॉनेट उघडलं, निवांतपणे इंजिन थोडं गार होऊ दिलं आणि रस्त्याच्या कडेला जेट बदलून म्हणाले, “झाली होळी. बसा.” आम्ही तिघं इतके हसलो होतो, की तो दिवस मला अजून आवाजासकट आठवतो.

त्याच वर्षी मिलिंद आजारी पडला आणि गेला. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच उरलो. सांत्वन अप्पांना येत नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला वारज्याच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन चालकाच्या जागी बसवलं. “रडायचं असेल तर रड, वसुधा. फक्त क्लच सोडताना नको.” मी गाडी शिकले ती अशी.

पुढच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका कॉलेजात मला मराठी शिकवायची नोकरी मिळाली. पुण्यात कुठे जागा नव्हती. तरी मी नाही म्हणायचं ठरवलं. अप्पांना एकटं टाकून कशी जाणार?

“मी म्हातारा आहे, कार्बोरेटर नाही,” ते म्हणाले. “मला ऋतू बदलला की कोणी जुळवावं लागत नाही. तू जा.”

जूनच्या सुरुवातीला आम्ही निघालो. पावसाचा पत्ता नव्हता. गाडी मीच चालवली. सोलापुरात पोचल्यावर माझ्या भाड्याच्या खोलीसमोर ते बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून होते. मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

“अहो अप्पा, गाडी तुमची आहे. तुम्ही काय करणार?”

“एसटीने जाणार. गाडी इथल्या हवेवर लावली आहे. पुण्यात ती आता नीट चालायची नाही, इंजिन बिघडेल. दिवाळीनंतर बघू.”

पहिल्या महिन्यात मी दोनदा सामान बांधलं. खोली खायला उठायची. पण गाडी इथे टाकून जाववेना, आणि पुण्याला न्यायची तर त्यांचं इंजिन बिघडणार. मग मी सामान सोडायची आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायला बसायची. दिवाळीनंतर अप्पा मोठं जेट घेऊन आले. “नेऊ या का परत?” त्यांनी विचारलं. तोवर मला माझे विद्यार्थी होते, मैत्रिणी होत्या. मी नाही म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पाना मागितला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तिथेच शिकवलं.

अप्पा गेल्यावर त्यांचे कारखान्यातले एक सहकारी पुण्याच्या घरी भेटायला आले. बोलता बोलता मी त्यांना सोलापूरच्या हवेवर लावलेल्या गाडीबद्दल सांगितलं.

“काहीतरीच काय!” ते म्हणाले. “पुण्याच्या आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात जेट बदलण्याएवढा फरक नसतो. आहे तेच चालतं. अहो, आम्हाला हे अप्पांनीच शिकवलं!”

चहा ठेवते, असं सांगून मी आत गेले आणि गॅस पेटवायचाच विसरले. हवेबद्दल अप्पा आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते.