ओरेस्टचं पोट आणि कर्लिंगची काठी

ओरेस्ट ह्नाट्युक दर जानेवारीत नवा जन्म घ्यायचा आणि फेब्रुवारी लागायच्या आत वारायचा. हे म्हणणं त्याच्या बायकोचं, व्हर्नाचं. ती ते चारचौघांत म्हणायची आणि सगळे हसायचे, कारण मॅनिटोबातल्या त्या एवढ्याशा गावात ओरेस्टचे सगळे जन्म सगळ्यांनी पाहिलेले होते. एका वर्षी तो आठवडाभर नुसतं कोबीचं सूप प्यायला. दुसऱ्या वर्षी त्याने चालायचं यंत्र आणलं. तळघरात त्याच्यावर आता मोजे वाळतात. माणूस मनाचा चांगला, हाताचा सढळ, शाळेची बस चालवण्यात उभी हयात गेलेली. पण वजनाच्या बाबतीत पक्का आरंभशूर.

त्यात हिवाळा तिथला. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत करायला गोष्टी दोनच, खाणं आणि कर्लिंग. बर्फाच्या लांब पट्टीवरून जडशीळ गुळगुळीत दगड सरकवायचा, साथीदारांनी त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत पळायचं, आणि खेळ संपला की वरच्या खोलीत जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं. ओरेस्टचा संघ बहुतेक वेळा हरायचा. त्यामुळे त्याला दालचिनीचे बन फुकट आणि पोटभर मिळायचे.

दगड टाकायला खाली उकिडवं बसावं लागतं, एक पाय मागच्या रबरी खाचेत रोवून दगडाबरोबर पुढे घसरत जावं लागतं. गेल्या मोसमात ओरेस्टचं पोट मांडीला टेकायला लागलं. खाली जाणं कसंबसं जमायचं, वर येताना मात्र त्याला बर्फावर दोन्ही हात टेकावे लागायचे आणि प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजायचे.

आणि डिसेंबरातल्या क्लबच्या पार्टीत संघाचा कप्तान गार्थ याने त्याला रंगीत कागदात गुंडाळलेली एक लांब भेट दिली. आत काठी निघाली. वाकता न येणारी म्हातारी माणसं उभ्याने दगड ढकलायला वापरतात ती.

"घे रे बाबा," गार्थ म्हणाला, "आता तुला उठवायला ट्रॅक्टर नको."

सगळे पोट धरून हसले. ओरेस्टही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्याच्या बापाने, मेट्रो ह्नाट्युकने, काठी हातात घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी खेळणं सोडलं, मग क्लबात येणं सोडलं, आणि शेवटचे हिवाळे स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसून काढले. काठी पाहिली की ओरेस्टला ती खुर्चीच दिसायची. त्याला भीती वाटली, खरीखुरी.

"मार्चच्या स्पर्धेत मी खाली बसूनच दगड टाकणार," तो म्हणाला, "आणि कुणाचा हात न घेता उठणार. नाही जमलं तर ही काठी माझी, आणि तुझी टिंगलही माझी."

"झालं!" व्हर्ना म्हणाली. "यंदा जन्म डिसेंबरातच."

बोलल्याप्रमाणे त्याने उपवास धरला. सकाळी काळी कॉफी, दुपारी अर्धं सफरचंद, रात्री वाकडं तोंड. अशात सहा जानेवारी आली. जुन्या पंचांगाप्रमाणे ख्रिसमसची आदली संध्याकाळ म्हणजे ओरेस्टसारख्या युक्रेनी घरांतलं सगळ्यात मोठं जेवण, आणि ते व्हायचं ओरेस्टच्या मावशीकडे, तेता स्टेफ्काकडे. वयाची नव्वदी उलटलेली, कमरेत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. पहिला तारा दिसला की टेबलावर बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे: मध-खसखस घातलेले गहू, बीटचं सूप, मासे, भात भरलेली कोबीची पानं, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या म्हणजे पिरोगी, आणि असं बरंच. प्रत्येक पदार्थ एकेका प्रेषिताच्या नावाचा.

ओरेस्टने सूप घेतलं आणि बाकीच्या भांड्यांना हात जोडले.

तेताने चमचा खाली ठेवला.

"सांग बरं," ती म्हणाली, "उरलेल्या अकरांपैकी कुठला प्रेषित तुझ्या डोळ्यांत सलतो? पीटर की जॉन?"

"तेता, वजन कमी करतोय गं."

"कर की! पण देवाच्या ताटावर कशाला रुसतोस? आणि व्हर्ना, हा घरी काय करतो ते मला सांगू नकोस. ह्याचं तोंड मला लहानपणापासून ठाऊक आहे."

व्हर्नाने न सांगायचं ठरवलं होतं, पण तिला राहवलं नाही. "काल गॅरेजमध्ये उभा राहून लोणच्याच्या बरणीतले सगळे हेरिंग मासे खाल्ले. कोट घालून!"

हशा पिकला. ओरेस्टला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेता मात्र हसली नाही. ती उठली, कपाटातून एक कड उडालेली बशी काढून तिने त्याच्यापुढे ठेवली आणि त्यात प्रत्येक भांड्यातलं एक-एक चमचा वाढलं. बारा चमचे. बशी भरली.

"हे माझ्या आईचं वाढणं," ती म्हणाली. "अकरा तोंडं होतो आम्ही, भांडं एकच. चमचाभरच यायचं. सगळं चाखायचं, असा नेम आहे; सगळं हादडायचं, असं कुणी सांगितलं? परातीएवढी ताटं तुम्ही आणलीत. खा आता, सावकाश खा. आणि उद्याही खा. रोज जेवणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये जावं लागत नाही."

ओरेस्ट जेवला. पंधरवड्यात पहिल्यांदा त्याचं पोट आणि मन दोन्ही शांत झालं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं रडूही आलं. जाताना त्याने ती बशी मागून घेतली.

पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही, इतकं ते बारीकसारीक आहे. तो बशीत जेवू लागला. पिरोगी सोडल्या नाहीत. डझनाच्या जागी पाच घेऊ लागला आणि वरचं सायीचं दही वाटीने ओतायच्या ऐवजी चमच्याने घालू लागला. आजवर तो पोस्टातलं टपाल आणायला गाडी काढायचा. उणे तीस अंशांच्या थंडीत गाडी गरम व्हायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात माणूस पोस्टात जाऊन परत आला असता. पण गावात सगळेच गाडीने जायचे, म्हणून तोही जायचा. आता तो चालत निघाला. पहिल्या दिवशी दोन गाड्या थांबल्या. "गाडी बिघडली का रे? बस." तिसऱ्या दिवशी लोकांनी व्हर्नाला फोन करून विचारलं की तुमचं काही भांडण झालंय का.

बूट तो बाकावर बसून चढवायचा, ते आता जमिनीवर बसून चढवू लागला. उठताना सुरुवातीला बाक धरायचा, मग भिंत, मग फक्त देवाचं नाव.

सगळं सरळ गेलं असं नाही. फेब्रुवारीत वादळ आलं, तीन दिवस दार उघडेना, आणि त्या तीन दिवसांत त्याने व्हर्नाच्या मदतीने अख्खा मधाचा केक संपवला. पूर्वीचा ओरेस्ट अशा केकनंतर म्हणायचा, 'बुडालंच आहे, तर नीट बुडू दे.' चौथ्या दिवशी व्हर्ना तेच ऐकायच्या तयारीत बसली होती. हा उठला, टोपी घातली आणि टपाल आणायला गेला.

"फेब्रुवारी लागला," ती खिडकीतून बघत स्वतःशी म्हणाली, "आणि हा अजून जिवंत आहे."

मार्च आला. ओरेस्ट काही बारीक झाला नव्हता. पट्ट्याला दोन भोकं आत गेला होता, एवढंच. स्पर्धेच्या दिवशी काचेमागे अर्धं गाव जमलं आणि पहिला दगड त्याचा होता. तो खाचेत पाय रोवून खाली बसला. पोट मांडीला टेकलं, पण आडवं आलं नाही. तो घसरत पुढे गेला, दगड सोडला, गुडघ्यावर एक हात ठेवला, म्हशीसारखा फुरफुरला आणि उभा राहिला. आकडे मोजायला तयार असलेली तोंडं उघडी ती उघडीच राहिली. दगड निम्म्या वाटेत थांबून बाद झाला, त्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. व्हर्ना काचेवर मुठी आपटत होती.

आता स्वतःच्या पोटाची काळजी सुटल्यामुळे त्याची नजर मोकळी झाली. आणि मग त्याला दिसलं. कप्तानाच्या वाट्याला दर फेरीचे शेवटचे दगड. गार्थ दगड टाकायला खाली बसायचा, आणि टाकून झाला की लाइल, झाडूने बर्फ घासणारा त्यांचा साथीदार, काहीतरी विचारल्यासारखं करत जवळ यायचा आणि गार्थ त्याचं कोपर धरून उठायचा. प्रत्येक वेळी. ढगळ जाकिटाखाली गार्थ केवढा झाला आहे, हे ओरेस्टने दोन वर्षं पाहिलंच नव्हतं.

ते हरले. जिंकणाऱ्यांनी बन आणले. ओरेस्टने एक अर्धा केला आणि अर्धा गार्थपुढे सरकवला.

"काढ विषय," गार्थ म्हणाला. "काठीवरून काय बोलायचं ते बोलून घे. तुझा हक्क आहे."

"काही बोलायचं नाही. लाइल तुला कधीपासून उठवतोय?"

गार्थने कॉफीचा कप बाजूला सरकवला. एरवी सगळ्या खोलीला ऐकू जाणारा त्याचा आवाज अगदी खाली आला.

"दुकानातून दोन काठ्या घेतल्या होत्या मी," तो म्हणाला. "दुसरी माझ्या गाडीत पडलीय. एकट्याने काठी घेऊन बर्फावर उतरायची लाज वाटत होती रे. म्हटलं, तू घेशील, मग मीही घेईन."

ओरेस्टला राग यायला हवा होता. आला नाही. बापाच्या खुर्चीशी असं कुणी कधी येऊन बसलं असतं तर, असं मात्र त्याच्या मनात आलं.

"सकाळी नऊला टपाल येतं," तो म्हणाला. "मी तुझ्या दारावरूनच जातो. बूट घालून उभा राहा."

"पोस्टापर्यंत? मला नाही जमायचं, ओरेस्ट."

"मग कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत ये आणि परत जा. तुझं टपाल मी आणतो."