साहेबाची बालटी परत

मंडळी, आज सकाळी कचरागाडीवाल्या सुनीताबाईनं माझ्याच घरची बालटी घेतली नाही.

मी इथं बालाघाटच्या नगरपालिकेत नोकरीले आहे. ओला-सुका अलग नसला तर कचरा उचलायचा नाही, हा आदेश माझ्याच टेबलावर लिहिला गेला.

अन् माझ्या ओल्या कचऱ्यात देवघरातलं निर्माल्य होतं, प्लास्टिकच्या पन्नीत गाठ मारून. वैनगंगेत टाकणं आम्ही सोडलं, पन्नीची सवय काही सुटली नाही.

मी म्हटलं, "बाई, देवाचं आहे, जाऊ दे ना."

"हौ साहेब, फुलं देवाचीच आहेत. पन्नी कोणाची?"

शेजारी फाटकातून पाहून राह्यले होते. मी खाली बसलो, गाठ सोडली, फुलं ओल्यात टाकली, पन्नी सुक्यात. ती तेवढा वेळ थांबली, मग बालटी रिकामी करून पुढच्या घरी गेली.

लाज वाटायले पाहिजे होती. पण आज ऑफिसात हा किस्सा मीच सगळ्यांले सांगत फिरलो. आदेश मी लिहिला होता, चालवून तिनं दाखवला.

तुमची बालटी कधी परत आली काय? तेव्हा तिले काय म्हटलं होतं तुम्ही?