नानांनी शेवटचे पाहिलेले बेट

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. पत्नीपाशी नाही, ज्या साप्ताहिकात उमेदीची वर्षे काढली तिथल्या संपादकांपाशी नाही, आणि देवापाशीही नाही — देवळात हात जोडले की मी दुसरेच काही मागत आलो. आता तुमच्यापाशी बोलतो आहे. का? ते नीट सांगता येत नाही. तुम्ही नानांना ओळखत नव्हता, एवढेच कदाचित कारण असेल.

नाना म्हणजे जळगावचे एक जिनवाले. मूळचे असोद्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत त्यांच्या मनात आले की अमेरिकेत जाऊन नवी यंत्रे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. त्यांना इंग्रजी येत नव्हते. मला येत होते. दुभाषा म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचे आणि वाटेतून साप्ताहिकाला प्रवासाचे लेख पाठवायचे, असे ठरले. नानांपेक्षा मी पुष्कळ लहान. ते मला नावाने हाक मारत नसत. ‘ओ पेपरवाले’ म्हणत, आणि म्हणताना हसत.

यंत्रे पाहून झाली. परतताना आम्ही ज्या आगबोटीने निघालो ती वेस्ट इंडीजच्या बेटांवरून इंग्लंडला जाणारी होती. निम्मे उतारू नुसते हवापालटासाठी निघालेले साहेबलोक होते. बार्बाडोस नावाच्या बेटावर बोट दिवसभर थांबणार होती. सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर एक छापील पत्रक ठेवले होते — बेटावर काय पाहावे, काय करावे. उसाचे चरक फिरवणाऱ्या पवनचक्क्या पाहाव्यात. पोवळ्याच्या दगडाचे जुने चर्च पाहावे. बाजारात उडते मासे पाहावेत. कासवाच्या पाठीच्या फण्या विकत घ्याव्यात. समुद्रस्नान करावे. मी ते सगळे नानांना वाचून दाखवले.

“मासे तू पाह्य,” नाना म्हणाले. “मले पवनचक्की दाखव.”

त्या दिवशी एकादशी होती. घर सोडताना नानांनी अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, शब्द दिला होता की परक्या हातचे शिजलेले खाणार नाही. बोटीवर ते परवानगी काढून एका कोपऱ्यात स्टोव्हवर स्वतःची खिचडी रांधत. गोरे लोक उभे राहून बघत, आणि नाना त्यांना मराठीत म्हणत, “या, बसा जेवाले.” एकादशीला मात्र फक्त फळ. तेही शक्यतो झाडावरून स्वतः तोडलेले, कारण त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. हे त्यांनी मला अनेकदा सांगितले होते. मला ते ठाऊक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आम्ही भाड्याची मोटार केली. चालवणारा एक म्हातारा काळा माणूस होता, डोक्यावर गवताची टोपी. बोलका. नाना पवनचक्कीपाशी फार वेळ रमले. पाती कशी वळवतात, वारा पडला तर काय करतात, असे ते विचारत राहिले, आणि मी दोन्हीकडचे बोलणे पोचवत राहिलो. दुपारी तो आम्हाला बंदराजवळच्या एका किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथून बोटीकडे नेणारा मचवा मिळणार होता. मोटार थांबवून तो बराच वेळ बोलला. आधी जुन्या वादळाविषयी, मग त्याच्या आजोबाविषयी, आणि सगळ्यात शेवटी वाळूच्या कडेला उभ्या असलेल्या हिरव्यागार झाडांकडे बोट दाखवून झाडांविषयी. त्यांना हात लावू नका. फळ तर तोंडात घालूच नका. पाऊस आला तरी खाली उभे राहू नका. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते.

मी नानांना वादळ सांगितले. आजोबा सांगितला. झाड सांगितले नाही.

अनेक वर्षे मी स्वतःला याचे एक कारण देत आलो. वर्तमानपत्रात मजकूर जागेत बसत नसला की तो खालून कापतात. महत्त्वाचे वर असते, शेवटचे सोडले तरी चालते. हात त्या कामाला इतका सरावतो की कान आणि जीभही तसेच करू लागतात. म्हाताऱ्याने झाडाचे सगळ्यात शेवटी सांगितले, म्हणून ते माझ्याकडून सुटले — पटण्यासारखे आहे, नाही का?

पण तसे झाले नाही. मी ते विसरलो नव्हतो. नाना लहान असताना त्यांच्या डोळ्यांदेखत घरची बैलजोडी कोवळी ज्वारी खाऊन, तिच्यातल्या विषाने तडफडत मेली होती. तेव्हापासून हा धिप्पाड माणूस विषाचे नाव काढले तरी बिचकत असे. झाडांचे सांगितले असते तर ते मोटारीतून उतरलेच नसते. मला किनाऱ्यावर जायचे होते. खानदेशातल्या माणसाला समुद्र केवढा! तो बोटीच्या कठड्यावरून आठवडेच्या आठवडे पाहिला होता, पण त्यात पाय बुडवले नव्हते. एवढ्यासाठी. दुसरे काही नाही.

“काय म्हने तो झाडाकडे बोट करून?” नानांनी विचारले.

“म्हणतो, सावली चांगली आहे,” मी म्हणालो.

मोटार निघून गेली. वाळू पांढरीशुभ्र होती. नानांनी मूठभर उचलून पाहिली आणि म्हणाले, सरकी काढलेल्या रुईसारखी आहे. मग ते सावलीत जाऊन बसले, मी सांगितलेल्या सावलीत. मी पुढे पाण्यात गेलो. घोट्याला लाटा लागल्या तेव्हा मला आनंद झाला, हेही सांगायला हवे. आणि मग मागून हाक आली.

“ओ पेपरवाले! हे पाह्य, इथी बी बोरं आहेत!”

मी वळलो. त्यांच्या हातात एक लहान, हिरवट-पिवळे फळ होते. तोडलेल्या डहाळीतून दुधासारखा पांढरा चीक त्यांच्या बोटांवर ओघळला होता. त्यांनी फळ अजून तोंडात घातले नव्हते. वास घेत होते, आणि हसत होते. मला ओरडायला वेळ होता. पुरेसा होता. पण ओरडलो असतो तर नानांनी विचारले असते, तुला कसे ठाऊक? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. मी बघत राहिलो, आणि त्यांनी फळ चावले.

मग मी ओरडलो.

त्यांनी ते लगेच थुंकले. “गोड तं होतं,” म्हणाले. उन्हाने घाम आला होता. चीक लागलेल्या त्याच हाताने त्यांनी कपाळ पुसले, डोळे पुसले. मी धावत पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. मी त्यांना पाण्यापर्यंत ओढत नेऊन डोळे धुतले का? नाही. मचवा आला होता. मी त्यांचा दंड धरला आणि मचव्यात बसवले, कारण मला तिथून निघायचे होते. अर्ध्या वाटेत त्यांचे ओठ सुजायला लागले. मग ते दोन्ही हातांनी डोळे दाबून पुढे वाकले.

“डोये जयतात रे. डोये जयतात माहे.”

मचव्यातल्या बायका तोंड फिरवून बसल्या. मी नानांच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मनात मात्र त्यांचे दुखणे नव्हते, बोटीवरचा डॉक्टर आता काय विचारील एवढेच होते.

डॉक्टरने तेच विचारले. किनाऱ्यावर एखाद्या झाडाला हात लावला होता का? फळ खाल्ले होते का? बेटावर आधी येऊन गेलेला माणूस असावा. नाना खाटेवर तळमळत होते. त्यांना प्रश्न कळला नाही, पण ते स्वतःहूनच बोलले.

“सांग त्याले. त्या फयाचा चीक लागला म्हना.”

त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारा एकच माणूस होता. मी डॉक्टरला म्हणालो, नाही, झाडाला हात लावलेला नाही. ऊन आणि खारे पाणी. ओठ मोटारीतून उतरताना आपटले. फळाचे सांगितले असते तर मोटारवाल्याचा विषय निघाला असता, आणि त्याने बजावले होते हे कुणालातरी कळले असते — माझ्या डोक्यात तेव्हा एवढेच होते. डॉक्टरने थेंब घातले आणि डोळ्यांवर पट्टी बांधली. चीक आत, आणि वरून पट्टी. बोट सुटली.

दुसऱ्या दिवशी तोंडातले फोड पाहून डॉक्टरला काय ते समजले. तो माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला की कालच सांगितले असते तर तासभर डोळे धुतले असते, आणि कदाचित निभावले असते. नानांनी विचारले, “काय म्हने?”

“आराम पडेल म्हणतो,” मी म्हणालो.

आराम पडला नाही. दोन्ही डोळ्यांत फूल पडले. इंग्लंडमध्ये दाखवले, मुंबईत दाखवले. उजेड आणि अंधार एवढेच कळत राहिले. साप्ताहिकात माझा बार्बाडोसवरचा लेख छापून आला. त्यात पवनचक्क्या होत्या, चर्च होते, उडते मासे होते. लोकांना तो आवडला. झाड त्यातही नव्हते. जळगावात सगळ्यांना एवढेच ठाऊक होते की नानांनी परमुलखातले एक अनोळखी फळ खाल्ले.

अक्कांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा पाटावर बसवून वाढले. “तू व्हता म्हनून हे घरी तरी आले रे भाऊ,” म्हणाल्या. मी ताटातले सगळे संपवले.

तिथून पुढची वर्षे कशी गेली ते सांगतो. नानांना माझी सवय लागली. जिनाच्या ओसरीवर बसत, कुणी भेटायला आले की मला बोलावणे पाठवत. “सांग त्यायले, बेटावर काय काय पाह्यलं आपन.” डोळ्यांनी पाहिलेले शेवटचे ते बेट. त्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकायचे असे, आणि मी सांगत असे — चक्कीची पाती, पांढरी वाळू, पाण्याचा रंग. ते मध्येच मला दुरुस्त करत. “अरे, पाती चारच व्हती.” बोलताना त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला असे आणि ते पांढरे डोळे हलत नसत. मला जिनावर जाण्याची धास्ती बसली. न जाण्याची त्याहून मोठी, कारण मी नसताना नाना कुणाशी काय बोलतील? इंग्रजी जाणणारा कुणी पाहुणा आला की मी काम टाकून धावत जायचो. विलायतेला जाऊन आलेला कुणी भेटला की प्रथम पाहायचो, याने ते बेट पाहिले आहे काय. तुम्ही याला काय म्हणाल? लोक म्हणत, नानांवर याची केवढी माया.

एवढेच असते तरी मी गप्प राहिलो असतो. खरे सांगायचे ते अजून पुढेच आहे.

नाना अंथरूण धरून होते. अक्का पायाशी बसल्या होत्या. दुपारची वेळ. नाना म्हणाले, जरा जवळ ये. मी गेलो.

“एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा, नाना.”

“तो मोटारवाला म्हातारा झाडाकडे बोट करून लई बोलला व्हता. इतकं बोलला, अन् तू मले म्हटलं सावली चांगली आहे. इतकी वर्सं माह्या मनात येते, त्यानं काही सांगलं आसंल अन् तू मले सांगलं नाही. तुह्यावर आळ घेत व्हतो मी मनातल्या मनात. मंग वाटे, नाही, तू सांगलं आसशील. मीच ऐकलं नाही. चक्कीच्या इचारात व्हतो मी.” ते थांबले. दम लागला होता. “सांगलं व्हतं का रे तू?”

अक्का माझ्याकडे बघत होत्या. म्हातारा माणूस, दोन-चार दिवसांचा सोबती. मी काहीही बोललो असतो तरी ते खोलीबाहेर जाणार नव्हते. तरीही तीच जुनी भीती आली, किनाऱ्यावरची, जशीच्या तशी.

“सांगितलं होतं, नाना,” मी म्हणालो. “फळ खाऊ नका म्हणालो होतो.”

अक्कांनी पदर तोंडाला लावला. “सांगलं व्हतं तं मंग कावून खाल्लं हो तुमी?” त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात इतक्या वर्षांचा राग होता. तो नानांवर होता.

नानांनी चाचपडत माझा हात शोधला. दोन्ही हातांत धरला.

“मंग चूक माहीच. तुह्यावर उगाच संशय धरला रे पोरा. मले माफ कर.”

“जाऊ द्या, नाना,” मी म्हणालो. “केलं माफ.”