आर्लिनला कळवायचं राहिलं

आर्लिन गेली त्या दुपारी सुहासचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. सुहास माझा चुलत भाऊ, तिचा नवरा. उभं आयुष्य बोटीच्या इंजिनाशेजारी काढल्यामुळे तो एरवी ओरडूनच बोलतो. त्या दिवशी मात्र हळू बोलला. "दादा, गेली ती... चारपर्यंत घरी आणतो. तू भटजींना निरोप दे." दोन वर्षं डायलिसिस चाललं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. मी उरलेला भात संपवला आणि मग उठलो. हे सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्याच्या मानाने हे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या तिठ्यावर फलक लागला. दोन्ही बाजूंना सहा-सहा शोकाकुल पुढारी, बहुतेक हसरे, आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी आर्लिन. खाली नाव 'कै. सौ. अर्चना वहिनी'. हे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं, त्यानंतर कुणी वापरलं नव्हतं. वीस वर्षांनी ते प्रथमच छापून आलं आणि येताना 'कै.' घेऊनच आलं. पुढे गणपती झाल्यावर समाजमंदिरात शोकसभा भरली. एका वक्त्याने सांगितलं की ती सातासमुद्रांपलीकडून आली आणि दुधात साखर विरघळावी तशी आमच्यात विरघळली. ती नेमकी कुठल्या देशाची हे त्याला आठवेना, म्हणून त्याने 'पूर्वेकडची' एवढ्यावर भागवलं. मलाही 'वहिनींचे मराठीचे गुरू' म्हणून उभं केलं. मी चार वाक्यं बोललो. चारही खरी होती आणि चारही बिनकामाची. जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे.

आर्लिन फिलिपिन्समधल्या एका लहान बेटावरची, कोळ्याची मुलगी. खलाशांची कागदपत्रं जिथे होतात त्या कचेरीच्या खानावळीत ती काम करायची आणि तिथेच सुहासने तिला पाहिलं. लग्न करून त्याने तिला पावसच्या अलीकडे आमच्या वाडीत आणलं, महिनाभर राहिला आणि नऊ महिन्यांच्या करारावर बोटीवर निघून गेला. जाताना मला म्हणाला, "दादा, तुला इंग्रजी येतं. तिला घरची फार आठवण येते. जरा बघ." मी रत्नागिरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. वाडीत पुस्तकांचं कपाट असलेला मी एकटाच, त्यामुळे माणसाचं मन मला कळतं अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही होती.

तिच्या रडण्याचं वाडीला कोडं पडलं होतं. सुहासची आई, म्हणजे माझी वत्सलाकाकू, पडवीत सुपारी कातरता कातरता येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "माड तिथं पण, माड इथं पण. म्हावरं तिथं पण, इथं पण. भात, समुद्र, पाऊस, सगळं तेच. मग रडतंय कशाला ते?" प्रश्न बिनतोड होता. बर्फातून आलेल्या बाईची दया येते, स्वेटर नसल्याचं तरी समजतं. पण हुबेहूब आपल्यासारख्या गावाहून आलेल्या बाईला काय कमी असणार? एकदा मी आर्लिनलाच हे विचारलं. ती म्हणाली, सगळं तेच आहे म्हणूनच त्रास होतो भाऊजी, रोज सकाळी उठल्यावर एक क्षण वाटतं की मी घरीच आहे.

तिला आंबट लागायचं, पण आमची सोलं आणि चिंच चालायची नाही. तिच्या घरी माडीचा शिरका करत. तिने माडी काढणाऱ्याकडून बाटलीभर माडी मिळवली, तिच्यात मिरच्या टाकल्या आणि मागच्या दारी उन्हात ठेवली. काकूला बाटली सापडली. आमचे आजोबा स्वतः माडावर चढून माडी काढायचे आणि हे विसरण्यासाठी घराने दोन पिढ्या खर्ची घातल्या होत्या. काकूने बाटली माडाच्या मुळात ओतली आणि म्हणाली, "जिथून आली तिथं गेली." मग आर्लिनने दुसरी बाटली केली ती माझ्याकडे ठेवली, कपाटात, पुस्तकांच्या मागे. एवढी एक मदत मी तिला केली. बाकीची मदत मी वेगळ्या पद्धतीने केली.

तेव्हा वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. टेलिफोन माझ्या ओटीवर होता आणि दर रविवारी तिच्या आईचा फोन यायचा. आर्लिन तासभर आधी येऊन स्टुलाशेजारी बसायची. बोलणं पाच मिनिटांचं आणि त्यानंतरचं रडणं बुधवारपर्यंत चालायचं. एकदा काकूकडे चहा घेताना मी माझं वाचन काढलं. जुन्या काळी युरोपात पगारी सैनिकांना गावाकडची गाणी म्हणायला बंदी असे, म्हटलं, कारण ती ऐकून धडधाकट माणसं अंथरूण धरीत. मी गंमत म्हणून सांगितलं होतं. काकूने ते औषध म्हणून घेतलं. पुढच्या रविवारी ऐन वेळेला तिने आर्लिनला बागेत पाठवलं आणि मला निरोप दिला, फोन आला तर झोपली आहे म्हणून सांग. मी सांगितलं. एका रविवारचे दोन झाले, मग महिन्यात एकच फोन उरला. आर्लिन खरोखरच कमी रडू लागली. माझा वाचनावरचा विश्वास वाढला.

तिसऱ्या वर्षी सुहास गणपतीला म्हणून रजा घेऊन आला. आमच्याकडे दिवाळी चुकली तर चालते, गणपती चुकत नाही. हरतालिकेच्या दिवशी सकाळी माझ्या ओटीवर फोन वाजला. आर्लिनचा भाऊ रोमेल होता. आई पहाटे गेली, तिला सांगा, म्हणाला. मी चपला घातल्या आणि सांगायलाच निघालो होतो, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. कुंपणाच्या गडग्यापाशी काकू भेटली. मी तिला सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला, मग पदर खाली घेतला आणि विचारलं, "तू एवढं वाचलंयस. लेकीला आणि जावयाला सुतक किती?"

मी सुतक मानत नाही. भटजींची थट्टा करण्यात माझी अर्धी हयात गेली. पण कुणी मला माहिती विचारली की ती दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटलं, "तीन दिवस. पण लांबचं सुतक कळल्यापासून धरतात. कळलंच नाही तर सुतकच नाही."

"मग नाही कळलं," काकू म्हणाली.

गंमत पाहा. आर्लिनला तीन वर्षं नैवेद्याच्या चुलीजवळ उभं केलं नव्हतं, देवघराच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. सुतक लागण्यापुरती मात्र ती पुरी सून ठरली. हा विनोद मला तेव्हाही दिसला होता. मनातल्या मनात मी त्याला दादही दिली आणि घरी परतलो.

गणपती बसले. तिसऱ्या दिवशी रोमेलचा पुन्हा फोन आला. माझी कल्पना होती की ख्रिस्ती माणसं लगेच पुरतात, तेव्हा सगळं उरकलं असेल. रोमेल म्हणाला, आई घरातच आहे. त्यांच्याकडे लांबच्या मुलाबाळांसाठी थांबतात. पेटी उघडी ठेवतात, गाव रात्रंदिवस सोबतीला बसतं, पत्ते खेळतं, जेवतं आणि वाट पाहतं. आम्ही आर्लिनसाठी थांबलो आहोत, ती कधी निघते?

मी अजूनही जाऊन सांगू शकत होतो. पन्नास पावलांवर घर. पण मग तीन दिवस का लपवलं हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "थांबू नका. तिला जमणार नाही."

"ती असं म्हणाली?"

"हो," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आरतीनंतर सुहास मागच्या दारी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. तीन दिवस मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.  समुद्राकडे बघत म्हणाला, "दादा, मला काही सांगू नकोस." आणि आत जाऊन प्रसाद वाटायला लागला.

त्याच पाच दिवसांत आर्लिन आमच्याकडे प्रथमच खूश होती, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. नवरा घरी होता, घर भरलेलं होतं. गौरीच्या रात्री बायकांनी तिला फुगडीला ओढलं. ती आधी लाजली, मग अशी फिरली की समोरची दमून बसली आणि ही दुसरीचा हात धरून पुन्हा फिरायला लागली. वाडी टाळ्या वाजवत होती. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ, रमली." मी मान हलवली.

विसर्जन झालं आणि काकूने ओटीवर बसून तिला सांगितलं. मी भाषांतराला होतो. त्याची गरज पडली नाही, 'आई' हा तिला मी शिकवलेला पहिला शब्द होता. आर्लिनने विचारलं, कधी? मी दिवस सांगितला. तिने बोटांवर मोजलं, एका हाताची बोटं संपली तेव्हा दुसऱ्या हातावर गेली. मग म्हणाली, "मी नाचले."

 दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर येऊन तिने भावाला फोन लावला. मी आत निघून गेलो. पाच मिनिटांनी आलो तर रिसीव्हर जागेवर होता आणि ती गेलेली होती. रोमेलने तिला सगळं सांगितलं असणार. त्यानंतर ती कधी रडली नाही. घरच्यांनी समाधानाने सांगायला सुरुवात केली की तिची घरची ओढ एकदाची सुटली. इतका रामबाण उपाय कुठल्याही पुस्तकात नव्हता.

तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिने टाकलं नाही. पुढच्या चतुर्थीला मी दर्शनाला गेलो तेव्हा ती ओटीच्या खांबाजवळ प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. माझ्या हातावर मोदक ठेवला आणि शांतपणे विचारलं, "भाऊजी, आज फोन आला होता का?" मी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खांब तोच, ताट तेच, प्रश्न तोच. एकदाही चुकली नाही. आवाजात राग नसे. मी दर वर्षी नाही म्हणायचो आणि तो मोदक तसाच हातात घेऊन घरी यायचो.

काकू म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं आर्लिनने केलं. एका वर्षी ऐन चतुर्थीच्या सकाळी हर्णेहून फोन आला की काकूचा धाकटा भाऊ गेला. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, विसर्जन होऊ दे, मग सांगू. आर्लिन हात पुसत आत गेली. "आई, तुमचा भाऊ गेला. आत्ताच. गाडी सांगितली आहे." तिने म्हातारीला उचलून गाडीत घातलं आणि हर्णेला नेऊन भावाचं तोंड दाखवलं. मीही बरोबर होतो.  परतीच्या वाटेवर काकू म्हणाली, "सणाच्या दिवशी सांगितलंस मला." आर्लिनने तिच्या पायावरची शाल नीट केली. "मग कधी सांगायला हवं होतं, आई?" काकूने तोंड खिडकीकडे फिरवलं, ते घर येईपर्यंत वळवलं नाही.

यंदा आर्लिन गेली त्या दुपारी भटजींच्याही आधी मी रोमेलला फोन लावला. एवढं तरी करायचं ठरवलं होतं. मी सांगितलं. त्याने विचारलं, "आज?"

"आज. तासाभरापूर्वी."

"खरंच आज?"

मी खरंच म्हटलं. तो म्हणाला, मी येतो, व्हिसाला चार-पाच दिवस लागतील, थांबाल ना? सुहास तिला घेऊन आल्यावर मी त्याला विचारलं. शीतपेटी मिळते, म्हटलं, थांबू या. सुहास आधीच कॅलेंडरपुढे उभा होता. आज उरकलं तर तेरावं होऊन मध्ये दोन दिवस मोकळे राहतात आणि गणपती वेळेवर येतात. थांबलो तर सगळं पुढे जातं. मी म्हटलं, अरे, घरच्यांना सुतक मृत्यूपासून मोजतात, दहनापासून नाही, थांबून काही बिघडत नाही. शास्त्र माझ्या बाजूने होतं. पण या वेळी माझं वाचन कुणाला नको होतं. "दादा, आता नको ते," सुहास म्हणाला. सूर्य मावळायच्या आत तिला नेलं. रोमेलला पुन्हा मीच फोन केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त आता ते खरं होतं. थांबू नका, जमणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही मागेही हेच सांगितलं होतं."

गणपती वेळेवर आले. चतुर्थीला मी दर्शनाला गेलो. जायचं नव्हतं, पण पाय सवयीने गेले. घर धुऊन स्वच्छ केलं होतं, मखराला नवे दिवे होते आणि आरती नेहमीपेक्षा मोठ्याने चालली होती. ओटीच्या खांबाजवळ ताट घेऊन सुहासची पुतणी उभी होती, मुंबईहून आलेली, हसरी पोर. तिने माझ्या हातावर मोदक ठेवला आणि मागच्या माणसाकडे वळली. मी पुढे सरकलो नाही. मागे रांग खोळंबली.

"आला होता," मी म्हटलं.

"काय काका?" पोरीने विचारलं.