यमुनाबाईची नात

हर्णे बंदरावर यमुनाबाई तीस वर्षं सुकी मासळी विकते आहे. तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. संध्याकाळी लिलाव आटोपला की वाळूत सांडलेली मासळी वेचणारी एक सात-आठ वर्षांची पोर तिच्यापाशी यायची. पोरीची आई कोलंबी सोलायच्या कामावर आली होती, ती एके दिवशी लेकीला मागे टाकून कुठे गेली कुणास ठाऊक. यमुनाबाई पोरीला 'चिमा' म्हणू लागली, रोज अर्धी भाकरी देऊ लागली. झोपायला मात्र लिलावाची शेड. घरात खोली एकच, त्यात सून तिखट.

बंदराची एक रीत आहे. बाहेरचं कुणी वही घेऊन आलं की होडी असो, जाळं असो, एका सुरात 'आमचंच' म्हणायचं. दिवाळीनंतर दापोलीहून दोन बायका आल्या आणि ही मुलगी कुणाची म्हणून विचारू लागल्या. यमुनाबाई पदर खोचून पुढे झाली.

“माजी नात हाय ती! मी अजून जित्ती हाय!”

बायकांनी वहीतली नोंद खोडली आणि गेल्या. यमुनाबाई दिवसभर खुशीत होती. पोर वाचवली म्हणे! नात मात्र शेडमध्येच गोणपाट पांघरून झोपली.

चार दिवसांनी चहावाला अस्लम म्हणाला, “अगो यमुनाबाय, त्या बायका निराधार पोरांना वसतिगृहात ठेवतात, शाळंत घालतात.”

यमुनाबाई टोपली तिथेच टाकून घरी गेली. तिने जुनं लुगडं फाडून पोरीला झगा शिवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दापोलीला न्यायला आली. शेडमध्ये गोणपाट तेवढं होतं. पोर बर्फाच्या टेम्पोवाल्याबरोबर गेली होती. तो खाऊ देतो म्हणाला होता. चार-पाच जणांनी तिला चढताना पाहिलं, पण अडवलं कुणीच नाही. आजी आहे ना तिची, तिला ठाऊक असेल! असं म्हणून हात झटकण्यात आपण सगळेच पटाईत, आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही.

यमुनाबाई धावतपळत चौकीत गेली. हवालदाराने कागद पुढे ओढला.

“नातीचं पूर्ण नाव?”

“चिमा.”

“ते लाडाचं झालं. खरं नाव? आईचं नाव? गाव?”

दोन वर्षं भाकरी घातली, पण पोरीला तिचं नाव विचारावं असं यमुनाबाईला कधी सुचलंच नव्हतं. ती झगा तोंडात कोंबून रडायला लागली. हवालदाराने पेनाला टोपण लावलं.

“बाई,” तो म्हणाला, “शोधू कुणाला?”