वॉकरवरच्या तीन रेघा

मानेसरच्या प्रयोगशाळेतलं माझं काम सांगायला सोपं आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर यंत्राने लाखो वेळा भार द्यायचा आणि धातू थकून कुठे, कधी तुटतो ते पाहायचं. तडा दिसला की त्याच्या टोकाशी मार्करने बारीक रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची. पुढच्या वेळी तडा रेघेच्या किती पुढे गेला ते मोजायचं. वीस वर्षांत ही सवय हातातच बसली आहे.

रविवारी मी मेट्रोने द्वारकेला बाबांकडे जाते. औषधांचा डबा भरते, बिलं पाहते, कामांच्या यादीवर खुणा करते. एका रविवारी बाबांचा वॉकर पुसताना पुढच्या उजव्या नळीवर, उंची कमी-जास्त करायच्या भोकापाशी, केसाएवढा तडा दिसला. पर्समध्ये मार्कर होता; तड्याच्या टोकाशी रेघ मारून तारीख लिहिली. काय करतेस, असं बाबांनी विचारलं. म्हटलं, "काही नाही, लक्ष ठेवतेय."

यादीत लिहिलं: बाबा, नवा वॉकर. दुकान त्यांच्याच मार्केटमध्ये, दहा मिनिटांवर. पुढच्या रविवारी तडा दोन मिलिमीटर सरकला होता. दुसरी रेघ मारली. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. बाबांचं वजन, दिवसभरातली पावलं, असा हिशेब मेट्रोत बसून केला आणि अजून दोन महिने सहज निघतील असं ठरवून टाकलं. वॉकरची ओळ पुढच्या यादीत उतरवली. मग तिसरी रेघ. ओळ पुन्हा उतरवली.

बाथरूमच्या उंबऱ्यापाशी वळताना बाबा सगळा भार उजवीकडे टाकतात, हे माझ्या हिशेबात नव्हतं. बुधवारी सकाळी नळी भोकापाशीच तुटली. बाबांचं मनगट मोडलं, कमरेला मार बसला. शेजारच्या काकांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काकांनी मला कौतुकाने सांगितलं की बाबा सोसायटीत सगळ्यांना त्या रेघा दाखवायचे. "बोलते थे, मेरी बेटी इंजीनियर है, हर संडे चेक करके साइन करती है. बेफिक्र होके चलते थे."

बाबांच्या घरी येऊन मी तुटलेला वॉकर उचलला आणि सगळ्यात आधी स्पिरिटचा बोळा घेऊन त्या रेघा पुसायला बसले. पहिली अर्धी पुसली गेल्यावर थांबले. हे लिहितानाही त्या बोळ्याचीच लाज जास्त वाटते.

बाबा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. तडा, हिशेब, यादी, बोळा. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सगळी नोकरी फायलींवर शेरे लिहिण्यात गेली. त्यांनी तुटलेली नळी मागून घेतली, चष्मा लावला आणि एकेक तारीख वाचली.

"नोंदी व्यवस्थित आहेत," ते म्हणाले. "दर आठवड्याला फाइल उघडलीस. निर्णय तेवढा घेतला नाहीस."

मग चहा टाकायला सांगितलं.

नवा वॉकर मी त्याच संध्याकाळी आणला. बाबा तो वापरतात. पण उठण्याआधी चारही नळ्यांच्या भोकांवरून ते स्वतः बोट फिरवून पाहतात, मी समोर बसलेली असले तरी.