निळी बायको

रंगमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण स्टुडिओत सगळे तसंच म्हणत, आणि मास्तर मनातून खूश होत. फोटो मालकांनी काढायचा आणि कॉम्प्युटरवर त्याला माणसात आणायचं मास्तरांनी, अशी बावीस वर्षांची वाटणी. डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरची चकाकी, ट्यूबलाइटचा पिवळटपणा, सगळं काढून चेहरा असा लख्ख करायचे की गिऱ्हाईक आरशावरच नाराज व्हावं.

पण वर्षभरात तक्रारी सुरू झाल्या. नवरी आजारी दिसते, बाळ गारठल्यासारखं दिसतं. मास्तरांनी खापर आधी प्रिंटरवर फोडलं, मग शाईवर, मग नव्या मॉनिटरवर. चूक दाखवली की नाकाला मिरच्या झोंबायच्या. मालक भला माणूस, पण शेवटी तेही म्हणाले, महिनाभर बघू, नाहीतर काम बाहेर देऊ. साठीच्या उंबरठ्यावर दुसरं येत होतं काय त्यांना? डोंबल!

बायकोने जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे हळूहळू सगळंच पिवळट दिसत होतं म्हणे. झालं! म्हणजे चेहऱ्यावर नसलेला पिवळा मास्तर वर्षभर इमानेइतबारे काढत बसले होते, आणि माणसं निळी पडत होती.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मास्तरांनी मालकांना फोन करून सगळं कबूल केलं. मालक हसले, म्हणाले, डॉक्टर सोडतील तेव्हा या, खुर्ची तुमचीच आहे. मास्तर हुश्श करून वळले, तो समोर भिंतीवर बायकोचा फोटो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा आठवडाभर खपून त्यांनीच केलेला. डावा डोळा मिटून पाहिलं, तर बायको निळीच्या पाण्यातून काढलेली. आठ महिने आलागेला तेच बघत होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला दिसत नव्हतं हे?"

"पहिल्या दिवसापासून दिसत होतं," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, अगदी तू आहेस तशी आलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणालात."

मास्तर खुर्चीवर चढून फोटो उतरवायला लागले. नीट करून आणतो म्हणाले. बायकोने त्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

मग त्यांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिलं. अगदी ती होती तशी. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची होती.